खाउदा, गूडा, गोदा

आमच्या टाकानिनी उपनगरातल्या सुपरमार्केटात चीजच्या कपाटासमोर उभी राहून मी एक शब्द मोठ्यानं उच्चारला, की आजही आजूबाजूच्या ट्रॉल्या मागे सरकतात. त्या शब्दाचं पहिलं अक्षर घशाच्या मागच्या भिंतीवरून खरवडून काढावं लागतं. ख आणि घ यांच्या मधलं काहीतरी. खडकीला आमचे आप्पा सकाळी मोरीत चूळ भरताना जो आवाज काढायचे आणि ज्यावर आई आतून ओरडायची, "अहो, शेजारी पोहे खातायत!", अगदी तो. 'खाउदा.' करोनानंतर तर चारचौघांत असला आवाज काढणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. माझी मुलगी लांब दह्याच्या डब्यांपाशी जाऊन उभी राहते आणि तिथूनच म्हणते, "मम, प्लीज, जस्ट से गूडा." तिला मराठी सगळं कळतं, पण बाहेर येतं ते असं. मी तिला सांगते, बाई गं, हा देश, हे घर, तुझा बाप आणि तू स्वतः, सगळं मला या एका अक्षराच्या मागे मागे जाऊन मिळालंय, ते मी असं कसं गिळून टाकू? ती म्हणते, "ओके, बट क्वायटली."

खाउदा हे हॉलंडातल्या एका गावाचं नाव. जगाला ते चीजचं नाव वाटतं, आणि त्या गावच्या माणसांना याचा जो राग येतो तो मी फार जवळून पाहिला आहे.

मी शाळा सोडली असं म्हणण्यापेक्षा शाळेनंच मला सोडलं. दहावीला गणितात आपटले, पुन्हा बसले, पुन्हा आपटले. पुढची दोन-तीन वर्षं कुठे शिवणकामाचा क्लास, कुठे झेरॉक्सचं दुकान असं करत गेली. शेवटी आईनं कंटाळून हॅमिल्टनला मावशीला फोन केला. मावशी तिथे एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, काका 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात इंजिनियर, आणि त्यांची मुलगी चिन्मयी सहा वर्षांची. तिची शाळा तीनला सुटायची आणि दोघांपैकी कुणीही साडेपाचच्या आत घरी नसायचं. म्हणजे घराला एक माणूस हवं होतं आणि मला एक घर. खडकी म्हणजे खडकाची जागा. इंग्रजांनी तिचं 'किर्की' केलं आणि जाताना तसंच टाकून गेले. हॅमिल्टनचं मूळ माओरी नाव किरिकिरीरोआ, म्हणजे लांबच लांब वाळूगोट्यांचा पट्टा. खडकातून निघाले ते वाळूगोट्यांत येऊन पडले, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. आईला वाटलं मी पाय घसरून पडले. तिनं मलमाची ट्यूब पाठवली.

मी भयंकर आभारी होते. आभाराचं ओझं असं होतं की बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचे (इथे सगळेच म्हणतात, त्यामुळे ते खपून जायचं), आणि आपोआप उघडणाऱ्या दारालाही म्हणायचे, ते मात्र खपत नसे. मावशीच्या घरात मी भांडी आवाज न करता ठेवायचे, दार आवाज न करता लावायचे, आणि चिन्मयी म्हणायची, "यू आर लाइक अ घोस्ट, उज्जूताई." त्या घराचे आवाज मात्र मला अजून पाठ आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मावशी फोनवर कुणाला तरी गोळ्यांचे डोस सांगायची आणि दोन्ही आकडे कधी चुकायची नाही. रविवारी चारी बाजूंनी गवत कापायची यंत्रं सुरू व्हायची आणि काका खिडकीत उभे राहून "आपण पुढच्या रविवारी" म्हणायचे. गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं इथल्या घरांत, टॉवेल ठेवायचं. त्यात मावशी दह्याचं पातेलं लावायची, त्यामुळे आमच्या टॉवेलांना कायम किंचित आंबूस वास. आणि वासरांच्या दिवसांत खरवस. तो ज्या घरून यायचा ते घर म्हणजे ट्रूसबाईंचं.

ट्रूसबाई मावशीच्या दुकानात गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला येत आणि प्रत्येक वेळी त्या निरुपयोगी असल्याचं मोठ्यानं सांगत. सत्तरीच्या, माझ्याहून दीड हात उंच. शहराबाहेर त्यांचं छोटं फार्म होतं, शेजाऱ्याच्या गाईंचं दूध घेऊन त्या चीज करायच्या. एक दिवस त्यांनी मावशीला विचारलं, "तुझ्याकडे उभं राहून काम करणारं कोणी आहे का? आजकाल सगळ्यांना बसायला लागतं." मावशीनं लगेच मला देऊन टाकलं. सकाळी सहा ते दोन ट्रूसबाईंकडे, तीनला चिन्मयीच्या शाळेच्या फाटकाशी.

पहिल्या दिवशी दहा वाजता कॉफी आली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला, ट्रूसबाईंनी तो माझ्यापुढे धरला. मी आपली रीतीप्रमाणे "नको नको" म्हटलं. आपल्याकडे तिसऱ्या 'नको'नंतर माणूस घेतं, हे जगजाहीर आहे. ट्रूसबाईंनी खट्कन झाकण लावलं आणि डबा फळीवर गेला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी दूध ढवळताना पोटातले आवाज लपवायला खोकायचे. चौथ्या दिवशी हेनी, आमच्याकडे दूध घेऊन येणारी माओरी बाई, म्हणाली, "अगं, यांच्यात एकदाच विचारतात. घ्यायचं असेल तर पहिल्याच हाकेला झडप घाल." मी झडप घातली आणि दोन उचलली. ट्रूसबाई म्हणाल्या, "एक."

कामाची मला आधी फार भीती वाटली आणि मग ते कामच असं निघालं की मला ते येतच होतं. दुधाला विरजण, मग ते घट्ट व्हायचं औषध, मग तारांच्या चौकटीनं चक्का कापायचा, थोडं पाणी काढून त्यात गरम पाणी घालायचं म्हणजे आंबटपणा जातो, मग साच्यात, मग दाबाखाली, मग मिठाच्या पाण्यात. लग्नघरी श्रीखंडाचा चक्का बांधलेल्या बाईला यात बुचकळ्यात पडण्यासारखं काही नव्हतं. चीजची पिवळी चाकं फळ्यांवर चढली की ती रोज उलटायचं काम हेंकरावांचं. हेंकराव म्हणजे ट्रूसबाईंचे धाकटे भाऊ, निवृत्त भूगोलमास्तर. दोघंही अविवाहित, दोघंही एकाच घरात, आणि दोघं चाळीस वर्षं एकाच विषयावर भांडत आलेली. त्या विषयाकडे येतेच.

आधी दुकान. फार्मच्या फाटकाशी एक टपरीवजा खोली होती, तिथे लोक चीज घ्यायला येत. ट्रूसबाईंचा नियम असा, की नाव नीट घेतल्याशिवाय चीज मिळणार नाही. त्या स्वतः त्याच गावात जन्मलेल्या. गिऱ्हाईक म्हणे, "गूडा द्या." ट्रूसबाई म्हणत, "नाही आमच्याकडे." गिऱ्हाईक समोरच्या शंभर चाकांकडे बघत राही. मग धडा सुरू. "घसा वापर. तुला घसा आहे ना?" हॅमिल्टनची सभ्य माणसं लाल होऊन खाकरायची. जर्मन पोरं पाठीवर ओझी घेऊन येत, ती 'गाउडा' म्हणत. त्यांना ट्रूसबाई अर्धे गुण देत. जपानी जोडपी 'गोदा' म्हणत, आणि मला एकदम आजोळ आठवे, नाशिकचा घाट, मावशीचं माहेर. फ्रेंच मंडळी जे म्हणत ते शुद्ध मराठीत सांगण्यासारखं नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. मी ते पहिल्यांदा ऐकून कपाटामागे जाऊन बसले. घरी सांगितलं तर काका हसून हसून ताटावरून उठले आणि पुढे महिनाभर सँडविच मागताना त्या फ्रेंच उच्चारानंच मागत राहिले. मावशी म्हणाली, "चिन्मयीसमोर नको." चिन्मयी म्हणाली, "व्हॉट? व्हॉट डझ इट मीन?"

मला मात्र ते अक्षर दुसऱ्याच दिवशी आलं. आप्पांची कृपा. ट्रूसबाईंनी मला पुन्हा म्हणायला लावलं, मग हेंकरावांना बोलावलं, मग परत म्हणायला लावलं. "शाळा किती शिकलीस?" त्यांनी विचारलं. मी खाली बघत सांगितलं. "मग बरोबर," त्या म्हणाल्या, "तुझा घसा अजून कुणी बिघडवलेला नाही." माझ्या नापासपणाचं कुणी कौतुक केल्याची ती पहिलीच वेळ.

आता भांडण. ट्रूसबाईंचं म्हणणं, गावाचं नाव सोन्यावरून आलं. त्यांच्या भाषेत सोन्याला 'खाउत' म्हणतात, आणि फार जुन्या कागदांत गावाचं नाव 'खोल्दा' असं येतं, मग आणखी पुरावा कशाला हवा? दर शनिवारी येणाऱ्या पर्यटकांना त्या चीजच्या चाकावर हात ठेवून सांगत, "सोन्याचं गाव!" आणि मागून, चाकं उलटता उलटता, हेंकराव खणखणीत आवाजात म्हणत, "चिखल." त्यांचं म्हणणं, नाव नदीचं. गावाजवळून खाउवे नावाची लहानशी नदी वाहते. शेवटचा 'वे' अर्धाच म्हणायचा, उरलेला तोंडात ठेवायचा. तिच्या काठी एका घराण्यानं गढी बांधली, घराण्यानं नदीचं नाव घेतलं आणि गावानं घराण्याचं. 'खोल्दा' हे त्या नदीचंच जुनं नाव, आणि त्यातला शेवटचा 'आ' म्हणजे पाणी. "सोन्याचा संबंध इतकाच," ते पर्यटकांना सांगत, "की पाणी पिवळं होतं. गाळानं." ट्रूसबाई म्हणत, "याला लहानपणी नदीत पडताना मी वाचवलं. चूक झाली." पर्यटक टाळ्या वाजवत, त्यांना वाटे हा कार्यक्रमाचाच भाग आहे. नव्हता. काही शनिवारी जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नसत आणि मीठ माझ्यामार्फत फिरे.

असं सगळं सुखात चाललेलं असताना हेंकरावांना हॉलंडहून कुणीतरी एक वर्तमानपत्र पाठवलं. त्यात होतं की युरोपवाल्यांच्या मनात आहे, ज्या गावाचं नाव त्या गावच्याच मालाला. बाहेरच्यांनी ती नावं वापरायची नाहीत. ट्रूसबाई म्हणाल्या, "मग मला काय त्याचं? मी त्याच गावची आहे." हेंकराव म्हणाले, "तू आहेस. गाई नाहीत." ट्रूसबाईंनी चक्का कापायची चौकट खाली ठेवली, हात धुतले आणि आत गेल्या. संध्याकाळी बाहेर आल्या त्या निर्णय घेऊनच. या हंगामानंतर चीज बंद. दुसऱ्या नावानं मी विकणार नाही आणि चोरून याही नावानं विकणार नाही. संपलं.

माझं वर्क परमिट त्याच हंगामाबरोबर संपत होतं. नवं मिळायचं तर ट्रूसबाईंनी लिहून द्यायला हवं होतं की चीज करणारं माणूस मला हवंय, आणि चीजच नसेल तर माणूस कशाला? परत जाऊन मी काय करणार होते, झेरॉक्स? मला रात्रीची झोप येईना, आणि तरी ट्रूसबाईंना काही बोलायची छाती होईना. उलट मीच त्यांना रोज सॉरी म्हणायचे. जणू युरोपात ते मीच ठरवलं होतं.

(हे लिहिताना हसू येतं. आज कुठल्याही दुकानात जा, 'गूडा' लिहिलेली डझनभर पाकिटं आहेत, त्यातली निम्मी याच देशात केलेली. ते नाव कुणी काढून घेतलं नाही. 'फेटा' नावाच्या ग्रीक चीजचं वगैरे पुढे काय काय झालं म्हणे, पण आमच्या गावाला कुणी हात लावला नाही. पण तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्ही एका शिळ्या वर्तमानपत्राला घाबरून सुतक धरलं होतं.)

नाव बदला, असं प्रत्येकानं सांगून पाहिलं. काका म्हणाले, "गौडा ठेवा, बंगळुरात धो धो खपेल." हेनी दुधाचे कॅन उतरवता उतरवता म्हणाली, "आमच्या भाषेत ग नाही, द नाही. आमच्या तोंडात हा शब्द घातलात तर 'काउटा' होईल. काउटा म्हणजे मागची चुलीची पडवी. वाईट काय?"

"मी माझ्या गावाला पडवी म्हणू?" ट्रूसबाई उखडल्या.

"तुमच्या पत्त्यावर तुम्ही हॅमिल्टन लिहिता," हेनी शांतपणे म्हणाली. "कुणा कप्तानाचं नाव. तो बिचारा इथे कधी आलाही नव्हता. आम्ही खपवून घेतलंच ना? जगते की मी. मजेत. स्वीट अ‍ॅज." आणि कॅन वाजवत निघून गेली. ट्रूसबाईंनी दुधाचे कॅन आत ओढून नेले, पण निर्णय काही बदलला नाही.

शेवटी मावशीनं पदर खोचला. पदर म्हणजे जीन्सवरचं जाकीट, पण खोचणं तेच. "तुझं बोलणं होणार नाही, उज्जू. तू नुसती सॉरी म्हणशील. मी बघते." रविवारी दुपारी आम्ही सगळे ट्रूसबाईंकडे कॉफीला गेलो. मावशीच्या पिशवीत पितळी ताट, पाव किलो तांदूळ आणि तिची सोन्याची अंगठी असा ऐवज होता. मोहीम तिनं गाडीतच समजावून सांगितली होती: आपल्यात नवरी घरात आली की नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, खलास. नाव बदलणं हा शोकाचा नाही, पेढ्यांचा प्रसंग आहे, हे बाईंना एकदा डोळ्यांनी दाखवलं की झालं.

स्वयंपाकघरातल्या मेजावर ताट मांडलं. मावशीनं तांदूळ सारखे पसरले. हेंकराव चष्मा लावून पुढे सरसावले. मावशीनं औषध समजावून सांगतात त्या आवाजात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "माझंही असंच बदललं. लग्नात. इट इज नथिंग."

ट्रूसबाईंनी विचारलं, "आधीचं काय होतं?"

मावशीनं तांदूळ पुन्हा सारखे केले. इतक्या वर्षांत या देशात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "नलिनी."

"आणि आता अपर्णा. कुणी निवडलं?"

"यांनी," मावशी काकांकडे बोट दाखवून म्हणाली. "तांदळात यांनीच लिहिलं."

काका बिस्किट खात होते. ते म्हणाले, "लिहिलं मी. निवडलं आईनं."

"सासूबाईंनी?" मावशी मराठीवर आली. "तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्हाला आवडतं म्हणून ठेवलं."

"आवडतंच की. पण सुचवलं आईनं. तिच्या भिशीतल्या त्या गोडबोलेबाई नव्हत्या का, त्यांची सून अपर्णा. आईला ती सून फार आवडायची." काकांना बोलता बोलताच कळलं की आपण कुठे पाय टाकला आहे. बिस्किट हातातच राहिलं.

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. "म्हणजे पंधरा वर्षं मी गोडबोल्यांच्या सुनेचं नाव लावून फिरतेय?"

"तसं नाही, म्हणजे…"

"परवान्यावर तेच, पासपोर्टवर तेच, दुकानातल्या पांढऱ्या कोटावर तेच. नाशिकला आई होती तोवर नलू म्हणायची. ती गेल्यापासून एक माणूस नाही म्हणत, उज्जूची आईसुद्धा नाही." आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि म्हणूनच चिन्मयीसुद्धा खुर्चीवर सरळ बसली.

"व्हॉट इज शी सेइंग?" ट्रूसबाईंनी मला विचारलं. मी घाबरत घाबरत जेवढं जमेल तेवढं सांगितलं. गोडबोल्यांची सून इंग्रजीत समजावणं सोपं नाही, पण ट्रूसबाईंना लगेच कळलं. हॉलंडातही गोडबोले असणार.

मग मावशी त्यांच्याकडे वळली, आणि ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो ते सगळं तिनं एका वाक्यात उलटं करून टाकलं. "बदलू नका, ट्रूस. मी खोटं सांगत होते. इट इज नॉट नथिंग."

 झालं. गेलं परमिट. मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली. वर लोकरीचे कपडे ठेवावेत की खाली, इथपर्यंत माझा विचार पोहोचलासुद्धा. मावशीचंही माझ्याकडे लक्ष गेलं असावं, कारण ती गडबडीनं म्हणाली, "आणि अगदी बदलायचंच असेल, तर सासरचं देऊ नका. माहेरचं द्या." माहेर म्हणजे काय, ते तिनं सांगितलं: बाईला देऊन टाकण्याआधीचं तिचं घर.

"गावाला कसलं माहेर?" ट्रूसबाई म्हणाल्या.

 हेंकरावांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांत इतकी चांगली संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. मी त्यांच्याकडे बघत होते, मावशी बघत होती, चिन्मयीही बघत होती. हेंकरावांनी तोंड मिटलं, चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकानं पुसू लागले. मला वाटतं, या माणसानं आयुष्यात केलेली ती सर्वांत मोठी मेहरबानी होती.

ट्रूसबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. मावशीनं अंगठी पुढे केली, तर म्हणाल्या, "मला नवरा नाही, अंगठी कशाला?" आणि मिठाच्या पाण्यानं फाटलेल्या त्या जाड बोटानं त्यांनी तांदळात पाच रोमन अक्षरं काढली. सावकाश, एक एक, प्रत्येक अक्षर काढताना दात दुखत असल्यासारखा चेहरा करून. खाउवे. नदीचं नाव.

"हे नाव कोणी काढून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तिथल्या लोकांनासुद्धा ती नदी फारशी आवडत नाही." आणि भावाकडे न बघता, "पण चिखल नाही. पाणी. चिखल म्हणालास तर बघ."

"चिखल मी कधीच म्हणालो नाही," हेंकराव म्हणाले. "गाळ म्हणालो." त्यांचा आवाज मात्र नीट निघत नव्हता. जिंकल्याचा आनंद होण्याऐवजी ते असे दिसत होते, की कुणीतरी त्यांच्या हातातली काठीच काढून घेतली आहे.

ट्रूसबाईंनी उठून फळीवरचा डबा उघडला, सगळ्यांपुढे फिरवला, आणि माझ्यापुढे आल्यावर म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये गाई पुन्हा दूध द्यायला लागतील. तू नवे गमबूट घे. हेनीचे जुने घालून फिरतेस, दोन आकडे मोठे, चालताना बदकासारखी दिसतेस. माझ्याकडे कायमचं काम करणारं माणूस बदक नको." एवढंच. मला ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मी थँक्यू म्हटलं, मग पुन्हा म्हटलं, मग रडत रडत आणखी काही वेळा म्हटलं, तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "एकदा पुरतं. कागदांवर उद्या सही करते, आज रविवार आहे."

तांदूळ टाकायचे नसतात, म्हणून ताट तसंच परत न्यायचं ठरलं. गाडीत मागे मी ते मांडीवर धरून बसले, शेजारी चिन्मयी. "व्हॉट डझ इट से?" तिनं विचारलं. मी म्हणून दाखवलं. तिनं पहिल्याच फटक्यात बरोबर म्हटलं, घशातून, शेवटचं अर्धं अक्षर तोंडात ठेवून, आणि मग ते रस्ताभर म्हणतच राहिली. पुढे मावशी खिडकीबाहेर बघत होती. हॅमिल्टनमध्ये हाताहाताच्या अंतरावर सिग्नलऐवजी गोलचक्रं आहेत. प्रत्येक चक्रावर गाडी वळली की तांदूळ घरंगळायचे आणि एखादं अक्षर जायचं. मी दोन्ही हातांनी ताट सावरत होते, पण खरं तर माझं लक्ष पुढे होतं, कारण काका तीन चक्रं झाली तरी घसा साफ करत होते.

चौथ्या चक्राशी गाडी थांबली. काकांनी समोर बघत, अगदी हळू म्हटलं, "नलिनी, तुझ्या बाजूनं कुणी येतंय का बघ."

मावशीनं मान वळवली नाही. "माझी बाजू बघायची नसते. इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतात. पंधरा वर्षं गाडी चालवताय." मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग ती म्हणाली, "आणि नाव घ्यायचं तर मोठ्यानं घ्या. चोरून कसलं घेताय?"

काकांनी घेतलं. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, "यू ऑल राइट, मेट?" मावशी तोंडाला रुमाल लावून हसत होती की रडत होती, मागून काही दिसत नव्हतं. काका म्हणाले, "ऑल गुड, ऑल गुड," आणि उजवीकडे नीट बघून त्यांनी गाडी चक्रात घातली.